पोटात पाय

गेली सव्वीस वर्षं मी पुण्यात प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली नऊ वर्षं रोज रात्री जेवण झालं की नैराश्यावरच्या एस्सिटालोप्रॅमची एक गोळी घेते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मला बरीच वर्षं सुचलंच नव्हतं. प्रयोगशाळेत गोगलगायी, शिंपले, डॅफ्निया. घरी उशाशी गोळ्यांची पट्टी. एक खातं कॉलेजचं, दुसरं खासगी. ही दोन्ही खाती शेवटी एकाच नदीत जमा होतात, हे कळायला वेळ लागला. मधल्या काळात वाचलेलं, केलेलं आणि बरंचसं फसलेलं इथे मांडते आहे. वहीच्या समासात लिहून ठेवलेल्या टिपा जशा कमीजास्त लांबीच्या असतात, तशाच याही आहेत.

1. गोळी गिळली म्हणजे संपली नाही

गोळी पोटात गेली, गुण आला, विषय संपला, असं आपण धरून चालतो. यकृत तिची मोडतोड करतं हे खरं. पण काही भाग मूळ रूपातच, आणि काही भाग रूप बदलून पण अंगातला गुण न सोडता लघवीवाटे बाहेर पडतो. नैराश्यावरचंच दुसरं औषध, फ्लुओक्सेटिन, घ्या. अमेरिकेत 1987 च्या डिसेंबरात त्याला मंजुरी मिळाली आणि प्रोझॅक या नावाने ते जगभर गेलं. शरीरात त्याचं नॉरफ्लुओक्सेटिन होतं. तेही औषधासारखंच काम करतं आणि मूळ औषधापेक्षा जास्त दिवस टिकतं.

पुढचा मुक्काम मैलापाणी प्रक्रिया केंद्र. तिथले जिवाणू विष्ठा, साबण, खरकटं यांचा फडशा पाडतात, कारण केंद्राची रचनाच त्यासाठी असते. औषधाचा काही अंश गाळाला चिकटून अडतो, बाकीचा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याबरोबर नदीत जातो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने 1999-2000 मध्ये 30 राज्यांतल्या 139 ओढ्यानद्यांचं पाणी तपासलं, आणि 2002 मध्ये त्याचा अहवाल आला तेव्हा 80 टक्के ठिकाणी माणसाच्या वापरातलं काही ना काही रसायन सापडलं होतं. त्यात फ्लुओक्सेटिनही होतं, लिटरला 12 नॅनोग्रॅम.

नॅनोग्रॅम म्हटलं की मुलांचे चेहरे कोरे होतात. म्हणून मी फळ्यावर टँकरचं गणित मांडते. पुणेकरांना टँकर कळतो. फ्लुओक्सेटिनची 20 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेतली आणि पाण्यात लिटरला 20 नॅनोग्रॅम इतकंच प्रमाण हवं असेल, तर ती किती पाण्याला पुरेल? दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. एक कॅप्सूल, शंभर टँकर. सोसायटीच्या मीटिंगला कधीच न जाणारी मुलंही मग सावरून बसतात.

2. कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणं म्हणजे प्रयोग नव्हे

ही माझी स्वतःची फजिती आहे, म्हणून जरा सविस्तर.

पंधराएक वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या दोन मुलांना प्रकल्प हवा होता. डॅफ्निया म्हणजे पाणपिसू, दोन-तीन मिलिमीटरचा पारदर्शक जीव. सूक्ष्मदर्शकाखाली तिचं हृदय धडधडताना सरळ दिसतं, पोटातलं हिरवं शेवाळ दिसतं, पाठीच्या पिशवीतली पिल्लंसुद्धा मोजता येतात. एका मुलाच्या घरी कुणाच्या तरी उरलेल्या फ्लुओक्सेटिनच्या कॅप्सूल होत्या. मी उत्साहात म्हटलं, करा! (त्या उरलेल्या कॅप्सूल कुणाच्या, का उरल्या, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. आज पहिल्यांदा तेच विचारीन.)

तीन चंचुपात्रं. एकात साधं पाणी, एकात लिटरला अर्धी कॅप्सूल, एकात अख्खी. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दोन्ही पात्रांतल्या डॅफ्निया तळाशी. मुलं खूश. "मॅडम, रिझल्ट आला!" आमच्या प्रयोगशाळेचे मामा पात्राजवळ वाकले आणि म्हणाले, "मॅडम, पाण्याला वास येतोय." पाणी दुधाळ झालं होतं. कॅप्सूलमध्ये औषध असतं चिमूटभर, बाकीचा भराव बराचसा स्टार्चचा. त्या पिठावर जिवाणू माजले, त्यांनी पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला. डॅफ्निया औषधाने मेल्या, की श्वास कोंडून मेल्या? सांगता येईना. आणि औषधाने मेल्या असत्या तरी त्यातून काय कळलं असतं? लिटरला 20 मिलिग्रॅम म्हणजे मघाचे शंभर टँकर एका लिटरमध्ये कोंबणं, नदीतल्या प्रमाणाच्या दहा लाख पट. इतक्या पटींनी वाढवलं तर साधं मीठसुद्धा मारतं.

पुढची गंमत ऐका. तिसऱ्या दिवशी साध्या पाण्यातल्याही मेल्या. मामा नेहमी नळाचं पाणी बादलीत दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडवून मगच वापरायचे. ते पात्रं भरायच्या दिवशी रजेवर होते, आणि मुलांनी थेट नळ सोडला.

त्या प्रकल्पाला मी पैकीच्या पैकी गुण दिले. शुद्ध औषध, ते विरघळवायला वापरलेल्या द्रावकाचं वेगळं पात्र, पाण्यात खरोखर किती औषध उतरलं याची मोजणी, आणि दोन दिवस मुरलेलं पाणी, हे सगळं का लागतं ते त्या दोघांइतकं त्या वर्षी कुणालाच कळलं नव्हतं.

3. गोगलगाईला नैराश्य नसतं, सिरोटोनिन असतं

विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे गोगलगायी आनंदी होतात का?" माझा एक भाचा तर दर दिवाळीला विचारतो. हसून झालं की उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर या विषयाचा गाभा आहे.

सिरोटोनिन हे काही माणसाच्या मनासाठी खास घडवलेलं रसायन नाही. ते फार जुनं आहे. शिंपल्यात आहे, खेकड्यात आहे, गांडुळात आहे. आणि ते चेतापेशींमधला निरोप्या आहे, हा धागा मुळात शिंपल्यातूनच हाती आला. 1950 च्या आसपास हार्वर्डमध्ये बेटी ट्वारॉग नावाची संशोधक विद्यार्थिनी समुद्रातल्या शिंपल्यांवर काम करत होती. गोव्यात ज्याला शिनाणे म्हणतात त्याच घराण्यातला शिंपला. हा प्राणी शिंपा एकदा मिटला की तासन्‌तास मिटून धरतो, आणि तेवढी ताकद लावूनही त्याला फारसं काही खर्च करावं लागत नाही. ही मिठी सैल कशाने होते? तिच्या शोधातून उत्तर आलं: सिरोटोनिनने. तोवर सिरोटोनिनची ओळख होती ती रक्तातलं, रक्तवाहिन्या आवळणारं रसायन एवढीच. क्लीव्हलँडला आयर्विन पेज यांच्या प्रयोगशाळेत 1948 मध्ये ते वेगळं काढलं गेलं होतं. ट्वारॉग तिथे गेली, आणि 1953 मध्ये तिने पेज यांच्याबरोबर दाखवून दिलं की ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही आहे. माझ्या उशाशी असलेल्या गोळीचं मूळ शोधत गेलं, तर वाटेत एक शिंपला बसलेला आहे.

आता गोळी काय करते? चेतापेशी निरोपासाठी सिरोटोनिन सोडते आणि काम झालं की ते परत ओढून घेते. ही ओढून घेण्याची वाट गोळी अडवते, म्हणून ते बाहेर जास्त वेळ रेंगाळतं. माणसात त्याचा उपयोग मन सावरायला होतो. पण शिंपल्यात ती वाट अडली तर? शिंपल्यात सिरोटोनिनकडे वेगळीच खाती आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग कॉलेजचे पीटर फाँग झेब्रा शिंपल्यांवर काम करत होते. अमेरिकेतल्या सरोवरांत बाहेरून येऊन धुमाकूळ घालणारा हा गोड्या पाण्यातला शिंपला. सिरोटोनिन दिलं की तो अंडी आणि शुक्रजंतू पाण्यात सोडतो, हे माहीत होतं. फाँग यांनी 1998 मध्ये दाखवलं की फ्लुव्होक्सामिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं नुसती पाण्यात असली तरी तेच घडतं. पिल्लं अंगातच वाढवणाऱ्या इवल्या स्फेरियम शिंपल्यांनी तर या औषधांनी पिल्लं बाहेर टाकली. नर आणि मादी आपापलं बीज उघड्या पाण्यात सोडतात, तेव्हा सगळा खेळ वेळेचा असतो. एकाने आज सोडलं आणि दुसऱ्याने आठवड्याने, तर दोघांचंही वाया.

आणि गोगलगाय. "गोगलगाय अन् पोटात पाय" ही म्हण आपण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो, पण प्राणिशास्त्राने तिच्या अख्ख्या वर्गाला दिलेल्या गॅस्ट्रोपोडा या ग्रीक नावाचा अर्थही तोच, पोट-पाय. त्या पायाच्या तळव्यावरची बारीक लव आणि स्नायू चालवण्यात सिरोटोनिनचा हात असतो. म्हणजे माझं औषध माझ्या डोक्यात जे करतं, ते तिच्या पायात करतं. भाच्याला मी यंदा एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "मग पायच आनंदी होत असतील." सोडून दिलं.

4. मेलेले मोजत बसू नका

विषशास्त्राची जुनी सवय आहे: किती प्रमाणात निम्मे प्राणी मरतात ते काढायचं. त्या फूटपट्टीने नद्यांमधलं औषधांचं प्रमाण बहुतेकदा निरुपद्रवी ठरतं. मरत कुणीच नाही.

पण फाँग यांच्याच प्रयोगशाळेतून 2012 मध्ये आलेलं काम बघा. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींना व्हेन्लाफॅक्सिन आणि सिटालोप्रॅम ही नैराश्यावरची औषधं दिली, तीही नद्यांत सापडावं इतक्या कमी प्रमाणात. त्या मेल्या नाहीत. त्यांनी फक्त धरलेला आधार सोडला. काचेवरून पाय सुटला आणि त्या खाली पडल्या. बशीत पडलेली गोगलगाय पुन्हा चढेल. वाहत्या ओढ्यात दगड सुटला की ती गेली, खाली कुठे, कोणाच्या तोंडात, कोण जाणे. मृत्यूच्या तक्त्यात तिची नोंद "जिवंत".

फ्लोरिडा विद्यापीठाच्या लिंडसे रायझिंगर यांच्या गटाचं 2021 चं काम मला सर्वांत आवडतं, कारण त्यात ओढा तयार केला होता: वाहतं पाणी, दगड, शेवाळ, पाचोळा. त्यात क्रेफिश सोडले. झिंग्याच्या अंगाचा आणि खेकड्याच्या नांग्यांचा हा गोड्या पाण्यातला प्राणी, दिवसा बिळात दडून राहणारा. पाण्यात सिटालोप्रॅम लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम, दोन आठवडे. औषधातले क्रेफिश आडोशातून लवकर बाहेर आले आणि खाण्यात जास्त वेळ घालवू लागले. ऐकायला हे बरंच वाटतं, आमच्या भाषेत "रुग्ण घराबाहेर पडू लागला". पण क्रेफिशची भीती हा त्याचा आजार नाही. बाहेर मासा आहे, बगळा आहे. त्याची भीती त्याला जिवंत ठेवते. शिवाय क्रेफिशच्या वागण्याने ओढ्यातलं शेवाळ आणि सेंद्रिय कचऱ्याचं गणितही हललं.

इंग्लंडात पोर्ट्समथचे अ‍ॅलेक्स फोर्ड या वाटेला लागले ते परजीवींमुळे. खाडीतल्या एका झिंगेवजा प्राण्याच्या अंगात काटेरी तोंडाचे कृमी शिरले की त्याच्या सिरोटोनिनमध्ये ढवळाढवळ होते आणि तो अंधार सोडून उजेडाकडे पोहू लागतो. म्हणजे थेट पक्ष्याच्या चोचीकडे, कारण कृमीला पुढचं आयुष्य पक्ष्यात काढायचं असतं. फोर्ड यांच्या डोक्यात आलं, औषधही तीच तार छेडतं की. 2010 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की फ्लुओक्सेटिनमध्ये ठेवलेले निरोगी प्राणीही उजेडाकडे जातात, पाच पट जास्त. कृमीने लाखो वर्षांत साधलेली युक्ती आपण सांडपाण्यातून नकळत करतो आहोत.

माझ्या आजाराच्या वाईट दिवसांत मी रोज तास घेत होते, पेपर तपासत होते, डबा खात होते. हजेरीपटावर मी पूर्ण उपस्थित. तेव्हापासून "सगळे जिवंत आहेत" या शेऱ्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

5. जास्त पिल्लं झाली म्हणजे बरं झालं, असंही नाही

विस्कॉन्सिनमध्ये फ्लॅहर्टी आणि डॉडसन यांनी 2005 मध्ये पाहिलं की लिटरला 36 मायक्रोग्रॅम फ्लुओक्सेटिनमध्ये महिनाभर राहिलेल्या डॅफ्नियांनी जास्त पिल्लं दिली. बार्सिलोनाच्या गटालाही अन्न तुटपुंजं असताना असंच आढळलं. मुलं लगेच म्हणतात, मग चांगलंच की. मी विचारते, पगार तोच असताना खर्च वाढला तर घर सुधारलं म्हणायचं का? अन्न कमी असताना पिल्लं रोखून धरणं हा डॅफ्नियाचा हिशेबीपणा आहे, आणि औषध तो हिशेब चुकवतं.

6. डोस वाढला की परिणाम वाढतो, ही आपली अपेक्षा आहे. प्राण्याची नाही

नेदरलँड्समध्ये 2006 साली गॅमरस या ओढ्यातल्या प्राण्यावर झालेला प्रयोग मी दरवर्षी शिकवते. लिटरला 100 नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी फ्लुओक्सेटिनमध्ये तो मंदावला. प्रमाण कैक पटींनी वाढवलं, तर तो अगदी साध्या पाण्यातल्यासारखा हिंडत राहिला. कमी मात्रेला परिणाम आणि जास्तीला नाही! वर्गात दर वेळी कुणीतरी म्हणतं, "मॅडम, त्यांची पात्रं उलटसुलट झाली असतील."

ही शंका थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ब्रुनेल विद्यापीठाचे जॉन सम्प्टर यांनी 2014 मध्ये फ्लुओक्सेटिनवरचे प्रयोग शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, एकाच औषधाची ताकद प्रयोगागणिक इतकी कमीजास्त कशी? मी या वादात मधे उभी आहे. सिरोटोनिनसारख्या यंत्रणेत थोड्याशा धक्क्याने डोलणं आणि मोठ्या धक्क्याला सावरून घेणं अशक्य नाही. पण प्राण्याच्या वागण्याच्या प्रयोगात ट्यूबलाइटचा कोन, मोजणाऱ्याची सावली, सकाळ की दुपार, सगळं मधे येतं. मामा शेजारून चालत गेले तरी आमच्या डॅफ्निया दिशा बदलायच्या.

पाण्याचा स्वभावही मधे येतो. ही औषधं आम्लारिधर्मी आहेत. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका त्यांचा जास्त भाग विद्युतभार सोडून पेशीत शिरायला मोकळा होतो. आपल्या काळ्या कातळावरून येणाऱ्या नद्या बहुधा अल्कधर्मीच, आणि शेवाळं माजलेल्या डोहात दुपारच्या उन्हात पीएच आणखी चढतो. म्हणून मी मुलांना नमुन्याच्या बाटलीवर तारखेबरोबर वेळ लिहायला लावते. त्यांना ते माझं खूळ वाटतं.

7. मुठेत आधी श्वासाचा प्रश्न आहे

परदेशातले हे प्रयोग वाचून कुणी पुण्यातल्या पुलावर उभं राहून "नदीत औषधं आहेत हो" असं ओरडू लागलं, तर मी त्याला आधी खाली पात्रात नेईन.

दर वर्षी मुलांना घेऊन मी दोन ठिकाणी जाते. पहिलं पानशेतच्या वरच्या अंगाला, आंबी नदीच्या एका फाट्यावर. तिथे दगड उलटला की खालच्या बाजूला मेफ्लायची चपटी पिल्लं तिरकी धावतात, कॅडिसफ्लायच्या अळीने वाळूचे कण चिकटवून केलेलं घर दिसतं, एखादा खेकडा नांगी उगारतो. दुसरं ठिकाण शहरात, संगमाच्या खाली. तिथल्या चिखलात मच्छरासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीच्या लालभडक अळ्या, ट्यूबिफेक्सचे लाल केसांसारखे पुंजके, आणि डावीकडे वळणाऱ्या शंखाची फायसा ही परदेशातून आलेली गोगलगाय. अळ्या आणि ट्यूबिफेक्स लाल का? तर दोघांच्याही अंगात हिमोग्लोबिन आहे, ओक्याबोक्या पाण्यातला उरलासुरला प्राणवायू पकडायला. मत्स्यालयाच्या दुकानात पिशवीत मिळणारं ट्यूबिफेक्स असल्याच नाल्यांतून येतं.

मेफ्लाय इथून औषधाने गेली नाही. कच्च्या मैलापाण्याने पाण्यातला श्वास संपवला आणि ती गेली. हा क्रम विसरू नये. गंमत अशी की प्रक्रिया केंद्रं वाढली, पाणी निवळलं, प्राणवायू परतला, की मेफ्लाय परत येतील, आणि ज्या पाण्यात येतील त्यातून विष्ठा गेलेली असेल पण औषध उरलेलं असेल. औषधाचा प्रश्न खरा दिसू लागेल तो नदी सुधारल्यावर. तो दिवस यावा अशी माझी इच्छा आहे.

8. पाण्यातलं पाण्यात राहत नाही

ऑस्ट्रेलियात मेलबर्नभोवतीच्या सहा ओढ्यांतले कीटक एरिन रिचमंड यांच्या गटाने तपासले. 2018 मध्ये छापून आलेल्या त्या कामात पाण्यातल्या कीटकांच्या अंगात तब्बल 69 औषधं सापडली. हे कीटक पंख फुटले की उडतात आणि काठावरच्या कोळ्याच्या जाळ्यात पडतात. कोळ्यांतही औषधं सापडली. तिथल्या एका ओढ्यावर फक्त असले कीटक खाऊन जगणाऱ्या प्लॅटिपसच्या पोटात नैराश्यावरच्या औषधांचा, माणसाला देतात त्याच्या निम्म्यापर्यंतचा डोस जात असावा, असा हिशेब त्यांनी मांडला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. हे वाचल्यावर मी संगमावरच्या खंड्याकडे आणि धोब्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघते.

9. रुग्णाच्या माथ्यावर खापर नको

ही टीप मी स्वतःला शिकवायला लिहिली आहे. हे सगळं वाचून एका पावसाळ्यात मला वाटलं, आपण रोज शंभर टँकर बाटवतो आहोत. आणि मी कुणालाही न सांगता गोळी बंद केली. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, घेरी, रडू, रात्रभर जाग. दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याने हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, खेकड्यांची काळजी जरूर करा. पण आधी गोळी घ्या, मग करा." ही औषधं अशी अचानक सोडायची नसतात, हे मी मुलांना सांगत होते आणि स्वतःच विसरले होते.

आणि हिशेबच करायचा तर सगळा करू. स्वीडनचे जोआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या सामायिक सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणारं, प्रक्रिया झालेलं पाणी तपासलं. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या नव्वदेक कारखान्यांचं ते पाणी. सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत, आणि त्याच यादीत सिटालोप्रॅम, 840 मायक्रोग्रॅमपर्यंत. मघाच्या क्रेफिशना बिळाबाहेर काढायला अर्धा मायक्रोग्रॅम पुरला होता. सोळाशे पटींहून जास्त. हे आजारी माणसांच्या लघवीतून आलेलं नव्हतं. तिथले ओढे मांजरेला मिळतात. ही आपल्या बीडच्या बालाघाटात उगवणारी मांजरा, लातूरवरून कर्नाटक, तेलंगणात जाऊन पुन्हा नांदेडच्या बिलोलीच्या कडेने येते आणि गोदावरीत शिरते.

उपाय नाहीत असं नाही. स्वित्झर्लंडने 2016 पासून कायद्यानेच निवडक मैलापाणी केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा आणखी एक टप्पा जोडायला लावला. युरोपीय संघाने 2024 च्या नव्या नियमात या जादा टप्प्याचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांवर टाकला. कारखान्यांनी अर्थातच कपाळाला आठ्या घातल्या. गोळी घेणाऱ्याने पाण्याचा प्याला हातात घेताना घालायच्या आठ्यांपेक्षा त्या मला जास्त योग्य जागी वाटतात.

10. उरलेल्या गोळ्या

मधे डॉक्टरांनी माझा डोस बदलला आणि जुन्या ताकदीच्या चार पट्ट्या उरल्या. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे घेऊन गेले. तो म्हणाला, "कचऱ्यात टाका ना मॅडम, सगळे तेच करतात." परत घेता का विचारलं, तर हसला. शौचालयात टाकायच्या नाहीत एवढं नक्की होतं. खरं तर नदीत जाणाऱ्या औषधाचा मोठा भाग शरीरातून जातो, फेकलेल्या गोळ्यांतून नव्हे, हे मला पाठ आहे. तरी हात उचलेना.

शेवटी त्या एका स्टीलच्या डब्यात घालून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या, फॉर्मॅलिनमधल्या पायला गोगलगाईच्या बरणीशेजारी. पुढे शेजारच्या विभागातल्या दोघी येऊन आपापल्या घरच्या पट्ट्या गुपचूप त्यात टाकून गेल्या. नावं विचारायची नाहीत, असं न बोलता ठरलं. जुने मामा निवृत्त झाले. नव्या मामांनी कपाट आवरताना डब्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवली आहे: "मॅडमचे नमुने. धुऊ नये."